नळीमागची अक्षरं

मृणालनं काचेची नळी वर्तमानपत्रासमोर धरली आणि तिच्या आरपार मथळा वाचून पाहिला. अक्षरं काही दिसेनात. तिनं नळी खिडकीकडे वळवली, चष्मा ओढणीला पुसून पुन्हा चढवला. छे! आतलं पाणी ताकासारखं गढूळच.

समोर पलंगावर तिची मोठी बहीण उन्नती बोटावर कापूस दाबून बसली होती. तिला तिसरा महिना लागला होता.

"काय दिसून राहिलं?"

"थांब ना दीदी. पाच मिनिटं होऊ दे."

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

मृणाल बायोमेडिकल सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला होती. सिकलसेल या रक्तातल्या आनुवंशिक दोषाची तपासणी घरच्यांवर करून हात बसवा म्हणून कॉलेजच्या अन्नपूर्णा मॅडमनी वर्गातल्या सगळ्यांना एकेक किट दिलं होतं. सिकल या घराला नवीन नव्हतं. वडील नरहरी त्याचे वाहक, हे ते कामाला असलेल्या प्लांटच्या मेडिकल तपासणीत कधीचं निघालं होतं. वाहक म्हणजे स्वतः ठणठणीत, पण दोष पुढे देऊ शकणारा. मृणालचीही नळी पहिल्या वर्षीच गढूळ, म्हणजे दोष दाखवणारी, आली होती आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. पण गेल्या महिन्यात ऑफिसच्या शिबिरात उन्नतीचा नवरा सुमेधही वाहक निघाला, आणि घरातलं हसू आटलं. आता सगळं उन्नतीच्या रक्तावर येऊन ठेपलं होतं.

"समज, मी पण निघाली तर?"

"एकाकडून आलं तर बाळाला काहीच होत नाही. दोघांकडून आलं तरच आजारी पडते. चारात एक."

"आजारी म्हणजे? काय होते त्याले?"

"सहा महिन्यांनंतर सुरू होते. आधी हातपाय सुजतात, ताप येतो, बाळ हात लावू देत नाही…" परीक्षेत लिहावं तशी ती घडाघडा बोलून गेली आणि मग जीभ चावली.

मोरीत भांडी घासणाऱ्या आईचे, कलावतीचे, हात थांबले. नळ मात्र तसाच वाहत राहिला.

"दिसत नाही ना अक्षरं?" उन्नतीनं विचारलं.

"नाही दिसत, दीदी."

ते चार दिवस त्या घरानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. सोमवारी मृणालनं उन्नतीला कॉलेजात नेलं, दंडाची शीर पाहून रक्त काढून घेतलं आणि मशीनवरच्या पक्क्या तपासणीला दिलं. उन्नती सासरी रुआबांध्याला गेली नाही, इथेच माहेरी कॅम्प वनमध्ये राहिली. नरहरी शिफ्टहून आले की डबा ओट्यावर ठेवायचे आणि मुलीशेजारी येऊन बसायचे. एकदाच म्हणाले, "माह्याकडूनच आलं असन ना तुले." उन्नतीनं त्यांचा हात घट्ट धरला.

कलावतीनं त्या चार दिवसांत देवाजवळचा दिवा विझू दिला नाही.

गुरुवारी अन्नपूर्णा मॅडमनी मृणालला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे रिपोर्ट होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"बहन नॉर्मल है. वाहक भी नहीं."

"पर मॅम, ट्यूब तो एकदम गढूळ…"

"कब लिया था खून? खाने के पहले या बाद में?"

"बाद में."

"क्या खाया था?"

मृणालचा चेहरा हळूहळू पडत गेला. रविवारी त्यांनी पोळ्याचं जेवण केलं होतं. सण शनिवारचा, पण उन्नती सासरहून आली रविवारी. पुरणपोळी, आणि सोबत तुपाची वाटी. पोळी तुपात बुडवून खायची ही त्यांच्याकडची रीत. त्यात पोर दोन जिवांची, म्हणून कलावतीनं वाटी दोनदा भरली होती. ताटावरून उठली तशीच उन्नती बोट पुढे करून बसली.

"बेटा," मॅडम हसू लागल्या, "तूने खून नहीं, घी टेस्ट किया है. चरबी से भी ट्यूब धुंधली होती है. लिखा है मॅन्युअल में. पढ़ते नहीं तुम लोग!"

मृणाल एवढी बोलणी खाऊन कधी इतकी खूश झाली नव्हती. सिव्हिक सेंटरच्या बाजारात स्कूटी थांबवून तिनं किलोभर जिलबी घेतली आणि घर गाठलं.

मग काय विचारता! उन्नती रडत रडत हसत होती. सुमेधला फोन लावला तर तो "हां, हां" पलीकडे काही बोलूच शकेना. नरहरींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"हात्तिच्या! तुपानं मारलं होतं आपल्याले," ते म्हणाले.

"आई, तुझ्या त्या वाटीपायी माझी इज्जत गेली मॅडमसमोर," मृणाल म्हणाली.

"माह्या पोरीले खाऊ घालू नको का मग?" कलावती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपून हसली. किती दिवसांनी हसली होती!

"आई, आता बाळंतपण इथेच," उन्नती म्हणाली. "आणि बाळाची मालिश तूच करायची. सांगून ठेवते."

कलावतीचं हसू तिथेच थांबलं.

"बाई लावू आपण. मले नाही जमत ते."

ते मात्र खरं होतं. स्वतःच्या दोन्ही मुलींनाही तिनं कधी तेल लावलं नव्हतं. शेजारच्या कौशल्याकाकू यायच्या, त्याच मालिश करायच्या.

संध्याकाळी सुमेध येऊन उन्नतीला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी फर्स्ट शिफ्टला निघून गेल्यावर मृणाल चहा घेऊन बसली. कलावती तिच्यासमोर येऊन बसली. हातात कप नव्हता.

"तुझा चहा?"

"मी काही घेतलं नाही. काल रात्रीपासून उपाशी हाय."

"आज कोणता उपास?"

"कोणताच नाही." कलावतीनं उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "तुह्या त्या किटमधी एक नळी उरली हाय ना?"

मृणाल पाहतच राहिली. सुई म्हटलं की ही बाई दारामागे लपायची. पहिल्या वर्षी किती विनवण्या केल्या, तरी तिनं बोट दिलं नव्हतं.

"कावून पण, आई?"

"गुलाब."

मृणालला ते नाव माहीत होतं. उन्नतीच्या आधी झालेला, चौदा महिन्यांचा असताना वारलेला भाऊ. त्याहून जास्त घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"त्याचे हात सुजले होते," कलावती म्हणाली. "पाय बी. हात लावला की ओरडायचा. तुही आजी म्हणे, मालिश करता करता हाड दुखावलं तू पोराचं. मलेही तसंच वाटलं. मीच लावत होती ना तेल. अन् रविवारी तू उन्नतीले हातपाय सुजायचं सांगून राहिली होती, तवा मी मोरीत होती."

मृणालनं बोट पुसलं, सुई टोचली. कलावतीनं बोट मागे घेतलं नाही. रक्ताचा थेंब नळीत पडला आणि पाच मिनिटं दोघी घड्याळाकडे पाहत बसल्या. मृणालला आयुष्यात पहिल्यांदा कळेना, देवाजवळ काय मागावं.

वेळ झाली. तिनं नळी वर्तमानपत्रासमोर धरली.

"दिसते का अक्षर?"

"नाही दिसत, आई." तिनं नळी आईपुढे धरली. "मशीनवर पण पाहू आपण. पण नाही दिसत."

कलावतीनं नळी स्वतःच्या हातात घेतली. उजेडात धरली, कागदाजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ आणली. मग एवढा मोठा श्वास सोडला की मृणालला वाटलं, अठ्ठावीस वर्षं तिनं तो धरूनच ठेवला होता.

"म्हणजे माह्या हातानं नव्हतं झालं ते."

"नव्हतं, आई. तुझ्या हातानं काहीच नव्हतं झालं."

कलावतीनं नळी जपून स्टँडमध्ये ठेवली. दोन्ही तळवे मांडीवर उताणे करून काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि एकमेकांवर चोळले.

"उन्नतीले फोन लाव," ती म्हणाली. "मालिशवाली पाहू नको म्हणा."