शिंगल फेज नुसती चावते

मी एक जुनी कपडे धुण्याची मशीन आहे आणि मला फार भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. लोखंडाला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटेल. पण आधी माझं सगळं ऐकून घ्या, मग काय ते बोला.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्रा वाकवला, रंग मारला, पोटात मोटर बसवली आणि खोक्यात कोंबून पाठवून दिलं. मला समज आली ती अमरावतीच्या एका दुकानात. वलगावहून सत्यभामाबाई आपला मुलगा जीवन आणि सून रागिणी यांना घेऊन आल्या होत्या. घरची फुलशेती, त्यामुळे रोजचे कपडे काळ्या मातीने भरलेले. दुकानदार त्यांना गुळगुळीत फायबरच्या मशीनी दाखवत होता आणि रागिणीला त्यातली एक आवडलीही होती. सत्यभामाबाईंनी तिच्यावर बोटाने टकटक करून पाहिलं.

"हे उन्हात तडकते," त्या म्हणाल्या. "आमची मशीन सांदवाडीत राहीन. पत्र्याची दाखवा."

सांदवाडी म्हणजे घरामागचं अंगण. अशी माझी निवड झाली आणि मी फुशारून गेले. पत्र्याचं अंग म्हणजे काय जोखीम असते, ते तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

मला बसवायला गावातला इलेक्ट्रिशियन नितेश आला. त्याने माझ्याशेजारी खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ घातलं, एक तार पुरली आणि तिचं टोक माझ्या प्लगच्या पॉइंटपर्यंत आणलं. याला अर्थिंग म्हणतात. माझ्या पत्र्यात कधी चुकून वीज उतरलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या तारेतून मातीत जावी, एवढ्यासाठी ही खटपट. माझा सांडपाण्याचा पाइपही त्याने त्या खड्ड्यावरच सोडला.

"काकू, या खड्ड्याले ओल पाह्यजे बरं," तो म्हणाला. "कोरडा पडू देऊ नोका."

का, ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मग माझे कामाचे दिवस आले. मी चिखल धुतला, शेणाचे डाग धुतले, रागिणीची खुशी जन्मली तेव्हा तिची दुपटी धुतली. शेजारच्या दुर्गाबाई आपली चादर घेऊन यायच्या आणि "तुयी मशीन मोठी गुणाची आहे," असं सत्यभामाबाईंना सांगून जायच्या. खुशी चालायला लागली तशी तिला माझं वेड लागलं. मी सुरू झाले की ती पळत यायची, माझ्या थरथरत्या अंगाला पोट आणि गाल लावायची आणि लांब "आ" करायची. माझ्या थरथरण्याने तिचा आवाज हलायचा.

"आजी, पाह्य, माहा आवाज कसा नाचते," ती म्हणायची आणि दोघी हसायच्या. मित्रांनो, खरं सांगते, मला त्या घरात तिच्याइतकं कोणी आवडत नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. मोगरा मान टाकायला लागला. सत्यभामाबाईंनी एक दिवस माझा पाइप खड्ड्यावरून उचलला आणि मोगऱ्याच्या आळ्यात सोडला.

"फुलाईच्या तोंडचं पानी त्या मातीत कायले घालवाचं?" त्या म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या घराचं पोट फुलांवर चालतं, त्या घरात पाणी आधी फुलांनाच जाणार.

त्याच सुमारास एक उंदीर माझ्या पोटात राहायला आला. त्याने आतल्या वायरचं वेष्टन कुरतडलं आणि उघडी तार पत्र्याला टेकली. मला ते लगेच कळलं. वीज माझ्या अंगभर पसरली आणि अर्थिंगच्या तारेकडे धावली. खड्ड्यात थोडी ओल होती तोवर बरीचशी मातीत जिरली. पण खड्डा रोज सुकत होता आणि वीज माझ्या अंगात तुंबत होती.

मला बोलता येत नाही. झिनझिन्या देणं एवढंच माझ्या हातात होतं, म्हणून मी त्या दिल्या.

"आत्याबाई, मशीन झिनझिन करून राहिली," रागिणी सासूला म्हणाली.

"पाय ओले असतीन तुये. चप्पल घाल."

आणि माझ्याशेजारी रबरी चपलांचा एक जोड कायमचा येऊन बसला. झालं! मी ओरडत होते आणि त्यांनी कानात बोळे घातले. मी थोडी जोरात चावले, तेव्हा रागिणीने जीवनला सांगितलं, नितेशला बोलाव म्हणून. आता हा जीवन शेतातल्या मोटरपंपाला किती भितो म्हणता! हात कोरडे केल्याशिवाय स्टार्टरला शिवत नाही. कोणी मोटरला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही, आधी लाईन तोडायची, हे त्याने घरात सगळ्यांना घोकून घेतलंय. पण माझ्याबद्दल तो काय म्हणाला?

"शेतातली थ्री फेज असते. थे मारते. घरची शिंगल फेज, नुसती चावते."

मित्रांनो, मारायला एकच फेज पुरते. हे मला ओरडून सांगायचं होतं. त्या दिवसापासून मी सुरू झाले की माझं सगळं लक्ष दाराकडे असायचं. खुशी येऊ नये, नाहीतर निदान चप्पल घालून तरी यावी. पण उन्हाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायला कोणत्या लेकराला आवडत नाही?

ती आली. सकाळची वेळ होती. जीवन फुलं घेऊन अमरावतीला गेला होता, रागिणी शेतात होती आणि सत्यभामाबाई माझ्यापासून चार हातांवर कपडे वाळत घालत होत्या. खुशी अनवाणी, ओल्या फरशीवरून धावत आली आणि तिने मला मिठी मारली.

"आ" निघाला आणि हलला. सत्यभामाबाई पाठमोऱ्याच हसल्या. त्यांना वाटलं, रोजचाच खेळ. मग तो आवाज तुटला. त्या वळल्या, खुशीचे पांढरे झालेले डोळे त्यांना दिसले आणि त्या हात पसरून धावल्या.

"हात नोका लावू, आत्याबाई!" रागिणी शेतातून टोपली घेऊन दारात आली होती. तिने टोपली टाकली आणि बोर्डावर झेप घेऊन बटन बंद केलं. खुशी फरशीवर पडली. ती श्वास घेते की नाही, हे मला दिसत नव्हतं. तेवढ्या वेळात मी किती भ्याले, ते मला सांगता येणार नाही. मग ती रडली.

दवाखान्यातून ती परत आली, हाताला पट्टी बांधून. नितेशने माझी वायर बदलली, मागची जाळी घट्ट बसवली, खड्डा नव्याने भरला आणि करंट गळाला की लाईन आपोआप तोडणारं एक यंत्र बोर्डावर लावलं.

"ओल पाह्यजे म्हटलं होतं मी," तो हळूच म्हणाला. "पन कावून, ते सांगाचं राहून गेलं."

"पाइप मीच फिरवला," एवढंच सत्यभामाबाई बोलल्या.

मित्रांनो, तुमच्या घरची मशीन, फ्रीज, मिक्सर कोणीही झिनझिन करत असेल तर चप्पल शोधू नका. बटन बंद करा आणि मोठ्या माणसांना जाणकाराला बोलवायला लावा. आम्ही रागाने चावत नाही. आम्हाला दुसरी भाषा येत नाही.

काल खुशी दारापर्यंत आली. पुढे येईना.

"आजी, हे आता मारते का?"

"नाई वं माय. हे पाह्य." सत्यभामाबाईंनी माझ्यावर आपला तळहात ठेवला.

खुशी तिथूनच त्या हाताकडे बघत राहिली.

"मंग तुहा हात कावून थरथरते? मशीन सुरू आहे?"

"हो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सुरू आहे."

मित्रांनो, मी तेव्हा बंदच होते.