दस्त्यातला दात

मी एक जुनी बंदूक आहे. ठासणीची, दोन नळ्यांची, आणि खरं सांगायचं तर स्वभावाने पहिल्यापासून संशयी. मित्रांनो, जवळ बसा, पण माझ्या घोड्याला हात लावू नका. तुमचे हात कसे आहेत ते मला ठाऊक नाही.

माझा जन्म विलायतेतला. मला घडवलं एका म्हाताऱ्या कारागिराने आणि नळीवर नाव कोरलं दुकानदाराचं. जन्मल्याबरोबर हे पाहिल्यावर कुणावर विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा. जहाजातून मुंबईला उतरले आणि कसाऱ्याच्या घाटात आगगाडीचा रस्ता आखणाऱ्या एका साहेबाच्या हाती पडले. साहेबाचा नेम चांगला होता, पण मला पुसायचा त्याला भारी कंटाळा. मायदेशी जाताना त्याने मला आंबिवलीच्या दौलतला देऊन टाकलं. दौलत त्याला रानातल्या वाटा दाखवायचा.

दौलतवरही मी वर्षभर संशयच घेतला. पण भिजून घरी आलो की हा माणूस आधी माझं पाणी पुसायचा आणि मग स्वतःचं डोकं. शेवटी माझाही इलाज चालेना. पंधरा-सोळा वर्षं आम्ही दोघांनी भातात शिरणारी रानडुकरं हाकली. सोबत त्याचा जिवलग धाकू असायचा. गाव आम्हाला मान द्यायचं.

बंदुकीला परवाना लागतो असा कायदा सरकारने आणला, त्याच्या दुसऱ्या वर्षी ते घडलं. शेताच्या कुंपणाजवळ बिबट्याने धाकूला खाली पाडलं. माझे दोन्ही बार आधीच डुकरावर वाया गेले होते. ठासायला वेळ कुठला? दौलत धावला आणि त्याने माझा लाकडी दस्ता सरळ बिबट्याच्या जबड्यात घातला. बिबट्याने धाकूला सोडलं आणि दौलतला धरलं. माझा धनी त्याच्याशी झुंजत त्याला ओढ्यापर्यंत घेऊन गेला. धाकूपासून लांब.

दोघंही वाचले नाहीत. लोकांना धाकू कुंपणाजवळ सापडला आणि दौलत ओढ्यात, शंभर पावलांवर. गावाने लगेच ठरवून टाकलं की दौलत मित्राला टाकून पळाला आणि पळताना सापडला. कचेरीच्या शिपायाने मला ओढ्यातल्या चिखलासकट उलटंपालटं केलं आणि परत दिलं. मी आतून ओरडत होते, पण बंदुकीचं कोण ऐकतं?

धाकूची बायको तुळसा त्या दिवसापासून दौलतच्या बायकोशी, हौसाबाईशी, बोलली नाही. दोघींची दारं समोरासमोर. हौसाबाईने मला धुतलं नाही. धन्याच्या हाताचा घाम जाईल म्हणायची. दर खंडेनवमीला ती त्याच चिखलावर तेल लावायची, हळद-कुंकू वाहायची. नऊ वर्षांत माझ्या दस्त्यावर पिवळट काळी जाड खपली धरली. मी मात्र खूश होते. जगात ही एक बाई खरी, बाकी सगळे लबाड, असं माझं ठाम मत झालं होतं.

तिचा मुलगा आनंदा लग्नाचा झाला आणि घोडं तिथेच अडलं. मुलीकडचे यायचे, गावात चौकशी करायचे आणि परत फिरकायचे नाहीत. एक दिवस तो आईला म्हणाला, "आये, ह्या बंदुकीकडं बघून लोक कुजबुजतात. ठाण्याला नेऊन रंधा मारून घेतो. नवी दिसली म्हंजे इसरतील तरी."

"हात लावशील तर बघ," हौसाबाई म्हणाली. पण पोराचं तोंड बघून ती त्याच्यासोबत कल्याणहून खाडीतल्या मचव्यात बसली.

टेंभी नाक्याजवळ सहदेव नावाचा सुतार बंदुकांचे दस्ते दुरुस्त करायचा. त्याला पाहताच माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस बोलायचा कमी आणि बघायचा फार. बोटाने खपली टोकरून त्याने ती नाकाशी नेली. हा नक्की माझा चांगला दस्ता काढून घेणार आणि हलकं लाकूड बसवणार, अशी मी खूणगाठ बांधली.

"रंधा मारा," आनंदा म्हणाला. "सगळं साफ पाहिजे."

"काय बी काढायचं नाय," हौसाबाई म्हणाली. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

सहदेवने दोघांकडे पाहिलं. "रंधा मारला की परत येत नाही, बाई. आणि ही खपली काही लाकूड नव्हे. खाली काय आहे ते आधी बघू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

"माझ्या मानसाचा हात हाय त्यावर."

"हात खाली असेल. वर तुमची हळद आहे."

हौसाबाईने खपलीवरून हात फिरवला. मग तिने बोटाने एवढीशी जागा दाखवली. "इथंच. पुढं नाय."

सहदेवने कोमट तेलाचं फडकं ठेवलं आणि बांबूच्या काडीने खपली हलकेच सोडवली. खाली चार खोल भोकं निघाली. एका भोकात दाताचं मोडलेलं टोक रुतलेलं होतं आणि त्याच्याखाली लोकरीचा लाल धागा दाबला गेला होता.

आनंदाने एका भोकात बोट घालून पाहिलं. "पळणाऱ्याची बंदूक बिबट्याच्या दातात कशी जाईल?" एवढंच तो म्हणाला.

हौसाबाई त्या धाग्याकडे बघत होती. धाकूच्या घोंगडीला तुळसाने स्वतःच्या हाताने लाल काठ घातला होता, तो अख्ख्या गावात एकच. बिबट्याच्या दातात आधी धाकूची घोंगडी होती आणि मग मी.

"मीच झाकून ठिवलं की रे," ती म्हणाली आणि रडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं.

"भोकं बुजवू का?" सहदेवने विचारलं.

"नको," आनंदा म्हणाला. "हळद काढा. भोकं ऱ्हाऊ द्या."

सहदेवने माझा गंज काढला, घोडा मोकळा केला, दस्त्याला नुसतं तेल दिलं. दात आणि धागा जागचे हलवले नाहीत. अशा माणसाला मी चोर समजले होते. आणि जिला एकटीला खरी समजले, तिच्याच मायेखाली माझी साक्ष नऊ वर्षं पुरली गेली होती. माझ्या संशयाने एक तरी गोष्ट बरोबर ओळखली का?

गावी आल्यावर हौसाबाई मला घेऊन सरळ समोरच्या दारात गेली. तुळसाने आधी तोंड फिरवलं. मग तिची नजर धाग्यावर गेली. तिने तो नखाने चाचपला आणि ती म्हणाली, "आत ये. बाहेर कशाला उभी?"

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूवर रंधा चालवू नका आणि मायेची पुटंही चढवू नका. संशय आला तर खुशाल घ्या, पण आधी पुसून बघा. यंदाच्या खंडेनवमीला माझी पूजा दोघींनी केली. हळद लावताना तुळसाने त्या चार भोकांवर आपला तळवा धरला होता, आत कणही जाऊ नये म्हणून.