रडणारी लिंबोणी

ऊन असं होतं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आभाळ कोरडं ठाक. आणि लिंबोणीतून थेंब पडत होते.

फाटकापर्यंत माणसं दाटली होती. झाडाखाली मौनी महाराज उभा होता. नाव मौनी, पण तोंड काही मिटत नव्हतं.

"रड, बाई, रड!" त्याने काठीने खोडावर टोला हाणला. सरसर थेंब गळले. गर्दीने श्वास रोखला. "चाखून बघा. गोड! संसारच गोडीचा केला तिने. आणि पानांवरची ही काजळी बघा, जीव जळतोय तिचा. आज झाड तोडलं की सुटली बिचारी. लाकूड आश्रमात नेऊ."

भिंतीला कुऱ्हाड टेकवून ठेवली होती.

घराचे मालक, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, पायरीवर बसले होते. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. झाड तिच्या हातचं. दुपारी दुकान बंद करून ते झाडाखाली बसत. हातावर थेंब पडला की म्हणत, "हं, बोल." मग कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, लेकीला फोन करू का, असं काहीबाही विचारत. घरात दुसरं कोण होतं बोलायला? झाड तोडू द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण तिचा जीव झाडात अडकलाय, असं महाराजाने म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लेक आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पिशवी खाली न ठेवताच ती फांदीशी गेली, पान उलटून पाहिलं.

"हात लावू नकोस!" महाराज ओरडला. "हात नाही, पाणी नाही, फवारा नाही, सांगितलंय ना!"

"म्हणून तर एवढं माजलंय," ती म्हणाली. "अप्पा, तुमचं भिंग आणा."

"कशाला?"

"तुम्ही आईशी बोलता ना इथे? एकदा नीट बघा तरी."

घड्याळजींना राग आला. तरी ते उठले, दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. केसासारखी स्प्रिंग पाहायला सरावलेला डोळा पानाच्या पाठीवर स्थिरावला. पिठात लोळवल्यासारखे पांढरे जीव शिरेला चिकटून बसले होते. एकाच्या मागच्या टोकाला चकचकीत थेंब फुगला. लोंबला. सुटला.

त्यांच्या हातावर पडला.

"हे काय?" त्यांनी लेकीपुढे हात धरला.

"पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर मागून सोडतात. त्यावर काळी बुरशी चढते, तीच काजळी. पानांवर साठलेले थेंब टोल्याने गळतात."

शेजारची शिवणकाम करणारी मावशी दचकली. "म्हणजे मी काल चाखलं ते..."

"ढेकणांची शी, मावशी."

गर्दीत हशा पिकला. महाराज गरजला, "पापी नजरेला ढेकूणच दिसणार!"

"बरं. मावशी, तुमची जास्वंद बघा बरं."

मावशीने कुंपणावरून वाकून पान उलटलं. "अगं बाई! हेही चिकट, हेही पांढरं! हिच्यात कोण रडतंय मग? आमचे हे तर आत घोरतायत!"

महाराज चपला शोधू लागला. कुऱ्हाड मात्र विसरला.

अंगण रिकामं झालं. घड्याळजी भिंग मुठीत धरून उभेच होते.

"ती असताना झाड कधी रडलं नाही," ते म्हणाले.

"कपडे धुऊन झाल्यावर आई काय करायची, आठवतंय?"

आठवलं. बादलीतलं उरलेलं फेसाचं पाणी ती पातळ करून पानांच्या खालून उडवायची, मग साध्या पाण्याने झाड धुवायची. "लिंबोणीला आंघोळ घालतेस का गं?" म्हणून ते हसायचे. ती गेल्यावर कपडे लाँड्रीत जाऊ लागले.

"म्हणजे ती नाही म्हणूनच हे..."

"हो अप्पा. ती रडते म्हणून नाही. झाड धुवायला ती नाही, म्हणून."

लेक हे बोलली आणि तिलाच रडू फुटलं.

ऊन उतरल्यावर घड्याळजींनी बादली घेतली. फडक्याने एकेक पान पुसलं. काजळी फडक्यावर आली, खाली हिरवं निघालं. पुन्हा पुन्हा धुतल्यावर थेंब थांबले. नवी पालवी फुटली.

आता दुपारी ते झाडाखाली बसतात तेव्हा हात कोरडाच राहतो. "हं, बोल" ओठांवर येतं आणि तिथेच राहतं. घर फार शांत झालंय. पण दुकानात कुणी अमक्या झाडाचा, तमक्या भिंतीचा चमत्कार सांगू लागलं, की ते हातातलं घड्याळ बाजूला ठेवतात.

"माझं माणूस गेलं होतं, म्हणून मी फसलो," ते म्हणतात. "तुम्ही हात जोडण्याआधी पान उलटून बघा."