गोळा, पोळी आणि वाकडी दांडी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. लोखंडी नाही हं, चांगला प्लॅस्टिकचा. लाल दांडी आणि दोन पिवळी पारडी. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका प्रायमरी स्कूलमध्ये आलो तेव्हा माझा काय थाट होता! मुलं माझ्यासाठी भांडायची. पास्ता, ओली वाळू, चेस्टनटच्या बिया, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दातसुद्धा मी तोलला. मुलं माझ्या दांडीकडे श्वास रोखून बघायची, तेवढं कौतुक मला पुरे होतं.

मग एकदा टेबलावरून पडलो आणि उजव्या पारड्याचा कोपरा तुटला. ते पारडं हलकं झालं. त्यातच बॅटरीवरचे काटे आले. नव्याची नवलाई, दुसरं काय! माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. परवा विज्ञानाच्या तासासाठी मला बाहेर काढलं, तेव्हा मिस ह्यूज म्हणाल्या की आजचा तास झाला, की हा कचऱ्यात. मला काळीज नाही, तरी धस्स झालं.

मिसनी मातीचे दोन सारखे गोळे घेतले. एक तसाच ठेवला, दुसरा दाबून चपटा केला आणि विचारलं, आता जड कोण? सगळे म्हणाले, गोळा. एकटी कस्तुरी म्हणाली, दोन्ही सारखे. ही कस्तुरी नुकतीच पुण्याहून आलेली, वर्गात फारशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली, कारण तिला ठाऊक होतं, पोळी लाटली म्हणून कणीक कमी होत नाही.

मिसनी गोळा डावीकडे ठेवला, पोळी उजवीकडे. आणि मी मेला झुकलो डावीकडे! वर्ग हसला. मिस कस्तुरीला म्हणाल्या, तराजू जुना आहे, मनावर घेऊ नकोस. पण मुलं कसली ऐकतात! कस्तुरीचे डोळे भरून आले. पोरीचं बरोबर होतं आणि मी तिला सगळ्यांदेखत खोटं पाडत होतो. कचऱ्याचं नाव ऐकूनही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

शेजारी बसलेला अनिश इथेच जन्मलेला. त्यानं त्याच्या मराठीत हळूच विचारलं, "कस्तुरी, तुझी उत्तर चुकला का?"

"नाही," ती म्हणाली. "आधी रिकामा बघू."

तिनं दोन्ही पारडी रिकामी केली. तरी मी आपला डावीकडे कललेलाच! तिकडे मंडईत तिची आई असंच करायची. रिकामा तराजू बघितल्याशिवाय भाजीवाल्या मावशींना एक वांगं टाकू द्यायची नाही. मग मावशी हसून हलक्या पारड्याला पासंग म्हणून खडा बांधायच्या. कस्तुरीनं पोस्टर चिकटवायचा निळा लगदा चिमूटभर घेतला आणि तुटक्या पारड्याखाली दाबला. थोडा काढला, पुन्हा लावला. दांडी सरळ झाली. मग तिनं गोळा आणि पोळी परत ठेवली.

मित्रांनो, मी जीव मुठीत धरून होतो. दांडी जराशी डुलली आणि आडवी थांबली, अगदी सरळ. आता कुणी हसेना. अनिश तेवढा टाळ्या वाजवत सुटला. मिसनी कस्तुरीला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तिचं पहिल्यापासून बरोबर होतं. मला त्यांनी खिडकीपाशी ठेवलं. कचऱ्याचं पुन्हा कुणी बोललं नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. कुणी वाकडा दिसला, की लगेच हसू नका, फेकूही नका. त्याला काय कमी पडतंय ते आधी बघा. बहुतेक वेळा चिमूटभरच असतं.