रंगयुद्धाच्या आठवड्यातली बातमी

मॉर्टी जेवणघरातल्या बाकावर चढले तेव्हा तिर्झा बटाट्याच्या कुगलचा, त्या भाजलेल्या वडीचा, दुसरा तुकडा ताटात ओढत होती.

"मुलांनो, वाईट बातमी आहे," कॅम्पचे प्रमुख मॉर्टी म्हणाले. "विश्वस्तांनी ही जागा विकली. आपल्या कॅम्पचा हा शेवटचा उन्हाळा."

पोरांनी लगेच जेवणघर डोक्यावर घेतलं. "रंगयुद्ध! रंगयुद्ध!" टेबलं बडवली जाऊ लागली.

त्यांचं तरी काय चुकलं? निळे विरुद्ध पांढरे अशी खेळांची चुरस, म्हणजे हे रंगयुद्ध, दर उन्हाळ्यात एखाद्या थापेनेच सुरू व्हायचं. गेल्या वर्षी स्वयंपाकघराला आग लागली म्हणून खराखुरा बंब आणवला होता. त्याआधी मॉर्टींना पोलीस बेड्या घालून घेऊन गेले होते. थाप जितकी भयंकर, तितकी पोरं खूश. असल्या आठवड्यात खरं बोलायला उभा राहणारा माणूस एक तर भोळा असतो, नाहीतर पार खचलेला.

तिर्झाने हातातला घास ताटात परत ठेवला. ती निळ्यांची कॅप्टन, त्यामुळे यंदाची थाप तिला ठाऊक होती. तळ्याकाठी अस्वल शिरल्याची थाप होती ती, आणि ती उद्या मारायची होती. म्हणजे हे खरं होतं! शाळेत ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. सारं वर्ष ती या उन्हाळ्याकडे डोळे लावून काढायची. तो आता नाहीच?

"अरे, ऐका रे! थट्टा नाही ही!" मॉर्टींचा आवाज चिरकला, डोळ्यांना धार लागली.

"अगं बाई, या वर्षी रडूनसुद्धा दाखवतायत!" छोटी झेल्डा किंचाळली. "मॉर्टी, मानलं तुम्हाला!"

तिर्झा धडपडत बाकावर चढली. "खरं आहे हे! शपथ!"

"कॅप्टन असंच बोलणार! आतून सामील असतात ते!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि निळ्यांनी तिच्याच नावाचा गजर सुरू केला. तिला संताप आला. आपलीच माणसं, आणि एकालाही आपलं खरं वाटू नये!

पांढऱ्यांचा कॅप्टन एलिशा गर्दीतून वाट काढत तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. अस्वलाची थाप त्यालाही ठाऊक होती, त्यामुळे हे खरं आहे हे त्याला कळलं होतं.

"तिर्झा, मला नाही गं झेपत हे," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला. तिने त्याला घट्ट मिठी मारली.

युद्धात दोन्ही कॅप्टन एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. मिठी मारतात ती फक्त निकालानंतर, सगळं संपल्यावर. पहिल्यांदा आलेल्या पोरालाही हे माहीत असतं.

पुढच्या टेबलांवरचं बडवणं थांबलं, मग मागच्या टेबलांवरचंही. झेल्डा त्या दोघांकडे बघतच राहिली.

"पण युद्ध अजून सुरूच कुठे झालंय?" ती म्हणाली.