हाकोनची बोटं पाच

नॉर्थव्हो गावाच्या सभागृहात शनिवारी मांजर हा शब्द उच्चारला की जखम व्हायची. खोटं वाटत असेल तर गिबी मॅन्सनला विचारा. अकरा वर्षांत त्याच्या अंगावर एकशे चाळीस जखमा झाल्या होत्या. निम्म्या मांजराच्या, उरलेल्या पाद्रीबाबांच्या.

जखमा कागदावरच्या, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. गिबी स्वतः सव्वाशे किलोचा, फेरीबोटीवर मोटारी लावून घेणारा गडी. त्याला कशानं ओरखडा उठत नसे. जखमा व्हायच्या त्या त्याच्या पात्राला, शनिवारच्या खेळात. टेबलावर कापडी नकाशा, त्यावर एक लाकडी होडी, वीस बाजूंचे फासे, प्रत्येकापुढे आपल्या पात्राचा कागद, आणि टोकाला ओस्ला हॅलक्रो, खेळाची सूत्रधार. समोर काय संकट आलं ते तिनं सांगायचं, आपलं पात्र काय करतं ते खेळणाऱ्यानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं. ज्या पात्राला खेळणारा नाही त्याच्या वतीनं सूत्रधारानं बोलायचं.

पात्रं सगळी एका जुन्या सहा वल्ह्यांच्या होडीतली. आणि होडी पाण्यात आहे तोवर बोलायचं ते समुद्राच्या भाषेत. आमचे खापरपणजे खोल पाण्यात मासे धरायला जात तेव्हा जमिनीवरचे शब्द सोबत नेत नसत. समुद्र ऐकत असतो आणि जमिनीची नावं त्याला खपत नाहीत. म्हणून मांजर ती ‘रडकी’, पाद्री तो ‘उभा’, सुरी ती ‘धारवाली’. पाण्यात पडलेला माणूस तो ‘वाटा’. त्याचं नाव घ्यायचं नाही. तो आता समुद्राच्या हिश्शाचा. शब्द चुकला की पात्राच्या कागदावर एक जखम.

होडीत लहानमोठं कुणी नाही, म्हणून टेबलावर सगळ्यांनी एकमेकांना ‘तू’ म्हणायचं. एरवी सत्तरीच्या रॅस्मी इंक्स्टरला ओस्लानं ‘तू’ म्हटलं असतं तर तिची आई थडग्यातून उठून आली असती.

ओस्लाची सहा पुस्तकं निघाली होती. दूरदूरचे वाचक पत्रातून विचारत, बाई, तुम्हाला हे सुचतं कुठून? ओस्लाला सुचत काहीच नसे. आठवडाभर ती जुन्या कहाण्या चाळायची: सीलचं कातडं पांघरणाऱ्या बायका, अर्धीच होडी वल्हवणारे मेलेले कोळी. शनिवारी त्यातलं एखादं भूत टेबलावर सोडायची. मग गिबी घाबरून भलतंच काही करायचा, पोस्टातली बाबी त्याचा उद्धार करायची, रॅस्मी न बोलता वल्हं उचलायचा, आणि रविवारी सकाळी ओस्ला ते सगळं कागदावर उतरवायची.

एखादी कहाणी फिकी पडली तर पदरचं घालायची. जुन्या लोकांची समजूत एवढीच होती, की बुडणाऱ्याला जो ओढून काढतो त्याला समुद्र पुढेमागे बदल्यात घेऊन जातो. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी गिबी पेंगायला लागला, म्हणून ओस्लानं आवाज खाली आणून भर घातली, ‘‘त्याला नेत नाही. त्याच्या मुलाला नेतो.’’

गिबी खडबडून जागा झाला.

‘‘हे कुठलं गं?’’ बाबीनं विचारलं.

‘‘आजोबांच्या वहीतलं,’’ ओस्लानं ठोकून दिलं.

आजोबांची वही होती, पण तिच्यात नुसत्या मेंढ्यांच्या कानांच्या खुणा होत्या, कुणाची मेंढी कुठली ते ओळखायला. ते वाक्य ओस्लाच्या तिसऱ्या पुस्तकात गेलं आणि तिथून एका संग्रहालयाच्या भिंतीवर चढलं, ‘प्राचीन समजूत’ म्हणून. धाकट्या भावाला, मॅग्नीला, तेवढं तिनं खरं सांगितलं होतं. तो मुद्दाम संग्रहालयात जाऊन त्या पाटीशेजारी तोंड वेडंवाकडं करून फोटो काढून आला. दोघं बहीणभाऊ तो फोटो बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.

हा मॅग्नी दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बुडाला. खेकड्यांचे पिंजरे उचलायला रॅस्मीच्या बोटीवर गेला होता. बोटीत दोघंच. ‘‘इंजिन अडलं म्हणून मी खाली वाकलो होतो,’’ रॅस्मीनं तटरक्षकांना सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, ओस्लाला सांगितलं. ‘‘मान वर केली, तर मॅग्नी नाही.’’ प्रेत मिळालं नाही. रॅस्मीवर कुणी संशय घेतला नाही. ओस्लानं तर नाहीच. वडील गेल्यावर त्यानंच तिला होडी बांधायला शिकवली होती.

पण सातवं पुस्तक तिथंच अडलं. एकोणिसाव्या प्रकरणात हाकोन नावाचा सुकाणू धरणारा पाण्यात पडतो. हाकोन हे टेबलावरचं मॅग्नीचं पात्र. दोन वर्षं तो बिचारा पाण्यातच होता. दर रविवारी ओस्ला वही उघडून बसायची आणि कोरी मिटून उठायची. भावाचा शेवटचा क्षण कसा होता हे कळल्याशिवाय पुढचं वाक्य येईना, आणि तो क्षण पाहिलेलं जगात कुणी नव्हतं.

अखेर डिसेंबरातल्या एका शनिवारी तिनं मनाशी ठरवलं. दुपारचे अडीच वाजले होते, इथल्या हिवाळ्यातल्या सूर्याची घरी जायची गडबड चालली होती. चहाच्या डब्याखालून तिनं मॅग्नीचा कागद काढला आणि नकाशाशेजारी ठेवला.

‘‘आज होडीत हाकोनपण आहे.’’

गिबीचा बन्नक, जवाच्या जाड रोटीचा घास, तोंडातच राहिला. ‘‘ओस्ला, नको गं,’’ बाबी म्हणाली.

‘‘पुस्तक संपवायचंय मला. जे टेबल देईल ते लिहीन. चालेल ना रे रॅस्मी?’’

रॅस्मीनं चहाचा मग दोन्ही हातांत धरला होता. ‘‘जागा त्याचीच आहे,’’ तो म्हणाला. ‘‘बसू दे त्याला.’’

ओस्लानं होडी लोटली. वारा फिरवला, लाटा उभ्या केल्या. बाबीनं शीड उतरवलं, गिबी होडीतलं पाणी उपसायला लागला आणि फासा टाकून टाकून दमला.

‘‘आता कुणीतरी त्या पाद्रीला बोलवा रे,’’ तो म्हणाला.

‘‘जखम!’’ बाबी ओरडली. ‘‘एकशे एक्केचाळीस. मेल्या, तुझ्या अंगात आता रक्त तरी आहे का? नुसतं मटणाचं सूप वाहत असेल.’’

सगळे हसले. ओस्लाही हसली, आणि हसू उतरायच्या आत तिनं उरकून टाकलं.

‘‘होडी कलते. हाकोन पडतो. पाण्यात, दोन हातांवर. बियार्नी, दोर तुझ्या पायाशी आहे. काय करतोस?’’

बियार्नी म्हणजे रॅस्मीचं पात्र, म्हातारा वल्हेकरी. रॅस्मी कागदाकडे बघत राहिला.

‘‘तो आता वाटा आहे,’’ तो म्हणाला.

‘‘माहीत आहे. पण दोर आहे ना?’’

‘‘अरे टाक की!’’ गिबी म्हणाला. ‘‘दहाच्या वर पडलं की झालं. एवढा काय विचार करतोयस, लग्नाला मुलगी बघतोयस का?’’

रॅस्मीनं फासा उचलला. टाकला म्हणण्यापेक्षा तो त्याच्या हातातून निसटला. नकाशावरून घरंगळत गेला आणि मॅग्नीच्या कागदाला अडून थांबला.

वीस. याच्या वर आकडाच नाही.

बाबीनं टाळी वाजवली. गिबीनं टेबलावर अशी थाप मारली की बशा उडाल्या. वाचतो, ओस्लाला वाटलं. पुस्तकात तरी वाचतो.

‘‘दोर बरोब्बर त्याच्या हातात जातो,’’ ती म्हणाली. ‘‘ओढ.’’

‘‘दोर नाही धरलाय त्यानं,’’ रॅस्मी म्हणाला. ‘‘काठ धरलाय बोटीचा. डाव्या हातानं. तीनच बोटं आहेत, पण पकड बघ.’’

‘‘तीन कुठली?’’ गिबीनं कागद ओढून नाकाशी धरला. ‘‘हाकोनला बोटं पाच आहेत. इथं लिहिलंय, दोन्ही हात धड. तीन बोटं तर…’’

दोन बोटं पूर्वी पिंजऱ्याच्या दोरात गेली होती ती मॅग्नीची. डाव्या हाताची.

ओस्लाला आपला आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. ‘‘इंजिनावर वाकलेल्या माणसाला काठ कसा दिसला?’’

रॅस्मीनं चहाचा मग खाली ठेवला. नीट, बशीच्या मधोमध ठेवला.

‘‘इंजिन चालू होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मी त्याच्यासमोर उभा होतो. इथं तू आहेस ना, एवढ्या अंतरावर. म्हणाला, रॅस्मी, हात दे. मी दिला नाही. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणाला, मोठ्यानं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. घाबरला नव्हता गं. मलाच काहीतरी झालंय असं वाटलं त्याला. म्हणाला, ‘काय झालं?’ ’’

‘‘आणि तुम्ही?’’

टेबलावर अकरा वर्षांत कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. बाबीनं मान वर करून ओस्लाकडे पाहिलं.

‘‘मी काही बोललो नाही. मग काठावर कुणी नव्हतं.’’

‘‘मी चहा ठेवू का?’’ गिबी कुजबुजला.

‘‘गप बस,’’ बाबी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

रॅस्मी फक्त ओस्लाशी बोलत होता. ‘‘माझं मला काही नव्हतं. म्हातारा झालो, नेलं असतं मला तर बरंच झालं असतं. पण माझा अँड्रू त्या दिवशी बाहेर होता, फॅरो बेटांच्या बाजूला, मोठ्या बोटीवर. तिकडं तुफान होतं. हात पुढे केला, खरंच केला होता गं, आणि तुझ्या आजोबांच्या वहीतलं आठवलं. ओढणाऱ्याच्या मुलाला. हात मागे आला.’’ त्यानं टेबलावरचा तळवा उलटा केला. ‘‘संध्याकाळी अँड्रूचा फोन आला. सुखरूप होता. त्यांच्या बोटीवरची सगळ्या खिडक्यांची तावदानं फुटली होती आणि त्याला खरचटलंही नव्हतं. म्हणजे लागू झालं ना गं ते? खरं होतं ना?’’

ओस्लाच्या डोळ्यांपुढे वही आली. डावा कान टोकाला कापलेला, उजव्याला भोक, ही इंक्स्टरांची मेंढी. पानंच्या पानं तशीच. एक ‘हो’ म्हणायचा होता. असले ‘हो’ तिनं उभ्या आयुष्यात उदंड म्हटले होते, वाचकांना, संग्रहालयवाल्यांना, चेहऱ्यावरची रेघसुद्धा न हलू देता. एका ‘हो’वर हा माणूस उरलेले दिवस काढून गेला असता. आणि पुढं केव्हातरी कुठल्या तरी बोटीत, त्याच ‘हो’ला धरून, आणखी कुणीतरी हात मागे घेतला असता.

फासा अजून मॅग्नीच्या कागदाला टेकून पडला होता.

‘‘वीस पडलेत,’’ ती म्हणाली. ‘‘ओढा त्याला.’’

रॅस्मी दचकला. ‘‘आणि बियार्नीचा मुलगा?’’

‘‘घरी आहे. शेकोटीशी बसून सूप पितोय.’’

‘‘पण समुद्र…’’

‘‘समुद्राला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. तसं कुठल्याच वहीत नाही, रॅस्मीकाका. ते मी घातलंय. इथं, या खुर्चीवर बसून. गिबीला झोप येत होती म्हणून.’’

रॅस्मीनं हळूहळू मान वळवून गिबीकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारायचं होतं, का रे बाबा झोपलास. गिबी हमसून हमसून रडत होता, सव्वाशे किलोंसकट, आणि खुर्ची करकरत होती.

मग रॅस्मीनं कापडी नकाशाची कड दोन्ही हातांत धरली आणि ओढायला सुरुवात केली. दोर ओढतात तशी, एका हातापुढे दुसरा हात. नकाशा सरकायला लागला. चहाचे मग कलंडून सांडले, फासे टपाटपा जमिनीवर पडले, होडी आडवी झाली. त्याला कुणी अडवलं नाही. शेवटी मॅग्नीचा कागद चहातून भिजत भिजत त्याच्या छातीशी आला. शाई पसरली होती. बोटं किती लिहिली होती ते आता वाचता येत नव्हतं.

‘‘आला,’’ रॅस्मी धापा टाकत म्हणाला. ‘‘आला ना गं वर?’’

‘‘आला.’’

‘‘काही बोलतोय का?’’

हाकोनला खेळणारा नव्हता. त्याच्या वतीनं बोलायचं ते सूत्रधारानं. बाबीनं ओस्लाच्या दंडावर हात ठेवला, राहू दे म्हणून. ओस्लाला तो फोटो आठवत होता, पाटीशेजारचं ते वेडंवाकडं तोंड. ती समजूत खोटी आहे हे तिच्याखेरीज ज्या एकट्याला ठाऊक होतं, तोच तीन बोटांवर लटकून रॅस्मीच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला काही म्हणजे काही उमगत नव्हतं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘विचारतोय, काय झालं?’’