डावा हात वर

आधी सुमेधाला किळस आली ती मिसेस हार्टलीची. स्वतःची यायला अजून दोन तास होते.

पुण्यात अकरा वर्षं गणित शिकवून ती नवऱ्याच्या, राजीवच्या, हॉस्पिटलातल्या नोकरीपायी इंग्लंडात लेस्टरला आली, तर इथे तिचं बी.एड. म्हणजे रद्दी ठरलं. मग चाळिशीत पुन्हा श्रीगणेशा! कॉलेजात शिक्षकांचा कोर्स, आणि सरावाला प्राथमिक शाळेतला मिसेस हार्टलीचा वर्ग. पहिल्या पाठाला कॉलेजचे मिस्टर प्राइस मागे बसले आणि ‘मुलांचा सहभाग कमी’ असा शेरा मारून गेले. आज दुसरा पाठ होता. आजही तेच झालं, तर कोर्समधून नाव कमी होणार होतं.

सकाळीच मिसेस हार्टली चहाचा मग घेऊन शेजारी येऊन टेकली.

“डोन्ट वरी, लव्ह. मुलांना सांगून ठेव, येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांनी वर करायचा. तू फक्त उजव्या हातवाल्यांना विचार. मागे बसलेल्याला काय कळतंय?”

सुमेधानं आपली खुर्ची जरा लांब सरकवली. हीच युक्ती पुण्यात इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी हेडमास्तर शिकवायचे. “सर, ही मुलांच्या हातून करवलेली चोरी आहे,” असं भर स्टाफरूममध्ये म्हणणारी ती एकटीच. त्यापायी त्या वर्षी दहावीचा वर्ग हातचा गेला, तरी घरी आली ती ताठ मानेनं. आणि आता या साहेबाच्या देशातही तीच घाण! कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

पण राजीवचं सकाळचं बोलणं डोक्यातून जाईना. “आधी पास हो, सुमेधा. तत्त्वं काय, नंतरही सांभाळता येतील. रोजचं तुझं रडणं बघवत नाही गं.”

तिनं वर्गात जाऊन मुलांना सांगितलं. उजवा, डावा. मुलांना खेळ वाटला.

पाठ होता अपूर्णांकांचा. अर्धा आणि पाव मिळून किती, असं विचारायचा अवकाश, तीसच्या तीस हात वर! मिस्टर प्राइसचं पेन थांबेना. सुमेधा उजवे हात हेरत होती, उत्तरं पटापट येत होती. खिडकीजवळच्या ट्रेसीचा डावा हात मात्र दर प्रश्नाला ताठ वर, आणि सुमेधा दर वेळी तिच्यावरून नजर पुढे सरकवत होती. फार सफाईनं जमत होतं ते.

“एकूण एक मूल पाठात रमलं होतं. उत्कृष्ट,” असं लिहून मिस्टर प्राइसनी कागद तिच्या हातात दिला. ती पास झाली होती. मिसेस हार्टलीनं डोळा मारला, आणि त्या क्षणी सुमेधाला स्वतःची इतकी शिसारी आली की आधी जाऊन हात धुवावेत असं वाटलं.

घंटा झाली. मुलं मैदानावर पळाली, मोठी माणसंही चहाला गेली. ट्रेसी तेवढी जागेवरच बसून होती, हात तसाच वर.

“ट्रेसी, सुट्टी झाली. जा खेळायला.”

“पण मिस, येत नसेल तर डावा, असं तुम्हीच सांगितलंत ना?” तिनं अवघडलेला हात दुसऱ्या हातानं सावरून धरला. “मला एकही आलं नाही. आता शिकवणार ना?”